खालून वर वाचलेली यादी

२० मे २०२५. सकाळी चहा घेता घेता मोबाईल उघडला, तर आमच्या निवृत्त प्राध्यापकांच्या ग्रुपवर एकच फोटो अकरा जणांनी टाकलेला. जयंत नारळीकर गेले. पुण्यात, झोपेतच. फोटोखाली जोडलेले हात, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, ‘तारा निखळला’ वगैरे. खगोलशास्त्रज्ञ गेला की तारा निखळतोच. मग वाणिज्य शाखेच्या एका मित्राने अगदी सरळ मनाने विचारलं, ‘‘मोठे होते हे माहीत आहे, पण त्यांनी नेमका शोध कसला लावला हो?’’

ग्रुपवर पदार्थविज्ञानवाले आम्ही चौघं. एकानेही उत्तर दिलं नाही. मी तीन वेळा टाइप केलं आणि तीन वेळा पुसलं.

उत्तर अवघड नव्हतं, अडचणीचं होतं. ज्या सिद्धांताच्या बाजूने हा माणूस आयुष्यभर उभा राहिला, तो स्थिर स्थिती विश्वाचा, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं सांगणारा, सिद्धांत बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी साठेक वर्षांपूर्वीच गुंडाळून ठेवला. जोडलेल्या हातांच्या रांगेत हे कसं लिहायचं?

दुपारी जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडला आणि एडीएसवर गेलो. एडीएस म्हणजे खगोलशास्त्राचा सातबारा. नासाच्या पैशावर चालतो, आपल्याला फुकट. कुणी, कधी, कुठल्या नियतकालिकात, कुणाबरोबर काय छापलं आणि पुढे कुणी त्याचा दाखला दिला, सगळं तिथे लागलेलं असतं. नवे निबंध वर, जुने खाली. मी सवयीने सगळ्यात खाली गेलो. माणसाची यादी खालून वर वाचावी; वरून वाचली की नुसता दबदबा दिसतो.

आडनाव टाकलं की तीन नारळीकर एकमेकांत मिसळून येतात. ज. वि. आपले. अ. वि. म्हणजे त्यांचे धाकटे बंधू अनंत, ते अतिवाहकतेतले. आणि सगळ्यात तळाशी वि. वा., म्हणजे वडील विष्णू वासुदेव. कोल्हापूरचे, केंब्रिजला शिकलेले आणि १९३२पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवणारे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवर भारतात बसून काम करणारी तेव्हा जी मोजकी माणसं होती, त्यांतले एक. त्यांच्या यादीच्या आजूबाजूला हिंडताना प्र. चु. वैद्य सापडतात. हे गुजराती गणितज्ञ साठवणीच्या पैशांवर काही महिने बनारसला येऊन राहिले, वि. वां.च्या हाताखाली काम केलं आणि प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण कसं असेल याचं उत्तर १९४३मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एका छोट्या टिपणात छापून मोकळे झाले. महायुद्ध चालू होतं, कुणी ढुंकून पाहिलं नाही. वीस वर्षांनी क्वासार सापडले, प्रचंड ऊर्जा ओकणाऱ्या वस्तूंचं गणित सगळ्यांनाच लागायला लागलं, आणि ते उत्तर ‘वैद्य मेट्रिक’ म्हणून पाठ्यपुस्तकात गेलं. ते टिपण छापलं गेलं तेव्हा जयंत पाचेक वर्षांचे होते.

आता माझ्या यादीबद्दल. ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिणं लबाडीचं होईल.

एका तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. २०१०च्या सुमारास यूजीसीचे नवे नियम आले आणि बढतीसाठी ‘एपीआय’चे गुण मोजायला लागले. निबंधाला इतके, परिषदेतल्या वाचनाला इतके, पुस्तकातल्या प्रकरणाला इतके. कॅसची, म्हणजे बढतीच्या योजनेची, फाईल म्हणजे स्टाफरूममधलं बारमाही पीक. कुणाची अडकली, कुणाची सुटली, कुणाला तज्ज्ञ समितीने परत पाठवलं. मला सतरा गुण कमी पडत होते. एका ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकाने पंधराशे रुपये घेऊन आठ दिवसांत माझा निबंध छापला. परीक्षकांचा अभिप्राय एक ओळीचा होता, आणि त्यात माझ्या विषयाचं नावही चुकलं होतं. असे चार निबंध मी छापले. गुण मिळाले, फाईल सुटली, पगारात फरक पडला, बायकोने त्या दिवाळीत फ्रिज घेतला. तो अजून चालतो. ते निबंध मी स्वतः पुन्हा कधी उघडले नाहीत.

खऱ्या अर्थाने माझा म्हणावा असा निबंध एकच. तो आयुकात झाला.

आयुका ही खगोलशास्त्राची संस्था नारळीकरांनी १९८८मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात उभी केली, तीच मुळी विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी. आमच्यासारख्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत यावं, तिथल्या लोकांबरोबर काम करावं, ग्रंथालयात बसावं. मी १९९८मध्ये पहिल्यांदा गेलो. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या काळ्या दगडाच्या भिंती, मधला कुंड, आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइनचे पुतळे. मला सगळ्यात आवडले ते जागोजागी लावलेले फळे. चालता चालता बोलणं निघालं तर खडू शोधायला आत जायला नको. आमच्या कॉलेजात खडूची पेटी कार्यालयातून सही करून आणावी लागायची.

नारळीकर सरांशी मी कधी बोललो नाही. सही मागायला आलेल्या मुलांना ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल; हे सगळ्यांना माहीत होतं. माझ्याकडे पोस्टकार्ड होतं, प्रश्न नव्हता. पण ग्रंथालयात ‘मंथली नोटिसेस’ या खगोलशास्त्राच्या नियतकालिकाचे बांधीव खंड होते. उन्हाळ्याच्या दुपारी तिथे कुणी नसायचं. एकदा १९६१चा १२३वा खंड काढला. कापडी बांधणीचा, उशीएवढा जड. त्यात नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल आणि नारळीकर यांचा निबंध होता, स्थिर स्थिती विश्वात रेडिओस्रोतांची, म्हणजे रेडिओलहरी सोडणाऱ्या दूरच्या वस्तूंची, मोजणी कशी यावी यावर. आज एडीएसवर यादीच्या तळाशी तोच पुन्हा भेटला.

हे प्रकरण मी वर्गात फळ्यावर करून दाखवायचो, पोरांना आवडायचं. समजा, आकाशात सारख्याच ताकदीचे दिवे सगळीकडे सारखे पसरलेत. दुप्पट अंतरावरचा दिवा चौपट मंद दिसतो. पण दुप्पट त्रिज्येच्या गोलात जागा आठपट मावते. म्हणजे चौपट मंद दिव्यांपर्यंत मोजणी नेली की आकडा आठपट व्हायला हवा. हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८मध्ये जे विश्व मांडलं, त्याला सुरुवात नाही नि शेवट नाही. ते पसरतं, मोकळ्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य तयार होत राहतं आणि कुठल्याही काळी पाहिलं तरी सरासरी चित्र तेच. त्या विश्वात हा आकडा आठच्या थोडा खालीच राहायला हवा. केंब्रिजमध्येच रेडिओ दुर्बिणी घेऊन बसलेल्या मार्टिन राइल यांना मात्र सुमारे बारापट मिळत होता. दूर पाहणं म्हणजे जुनं पाहणं. म्हणजे पूर्वी रेडिओस्रोतांची गर्दी जास्त होती. म्हणजे विश्व बदलत आलंय. म्हणजे स्थिर स्थिती खलास.

राइल यांच्या गटाने १९५५मध्येही असाच बार उडवला होता. तेव्हाच्या त्यांच्या यादीत १,९३६ स्रोत होते आणि तिच्या हिशेबाने हा आकडा चौसष्टपट जात होता. पुढे कळलं की त्यातले पुष्कळसे स्रोत नव्हतेच. शेजारशेजारचे मंद स्रोत दुर्बिणीला एकमेकांत मिसळून दिसत होते. त्यामुळे १९६१च्या बारापटीकडे हॉइल संशयाने पाहत असतील तर नवल नाही.

शुक्रवार, १० फेब्रुवारी १९६१. लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत राइल नवी मोजणी मांडणार होते. उत्तर द्यायला हॉइल हवेत, पण त्या दिवशी त्यांना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला उभं केलं. विद्यार्थी बावीस वर्षांचा, संशोधन सुरू करून वर्षही झालेलं नाही. समोर राइल, ज्यांना पुढे १९७४मध्ये नोबेल मिळालं.

उत्तर असं होतं. रेडिओस्रोत सारखे पसरलेले नसतीलच कशावरून? ते सोळा कोटी प्रकाशवर्षांच्या मापाच्या गठ्ठ्यांत असतील आणि आपण गठ्ठ्याबाहेरच्या विरळ भागात असू, तर जवळचे स्रोत कमी दिसणार आणि आकडा आपोआप वर चढणार. त्यासाठी या दोघांनी संगणकाला यादृच्छिक आकडे पुरवून नकली विश्वं तयार केली आणि त्यांत मोजणी करून पाहिली. ते वर्ष १९६१ आहे हे लक्षात घ्या.

तो निबंध मी उभ्यानेच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. मुख्य मुद्दा हरला. रेडिओस्रोतांची संख्या काळानुसार खरोखरच बदलत आलीय, यावर आता कुणी वाद घालत नाही. पण वाटेत टाकलेलं जे गृहीतक तेव्हा अवाजवी वाटलं होतं, दीर्घिकांचे एवढे प्रचंड गठ्ठे आणि त्यांच्यामधली एवढी प्रचंड पोकळी, ते पुढे विसेक वर्षांनी दीर्घिकांचे नकाशे तयार झाले तेव्हा जवळजवळ त्याच मापाचं सापडलं. ज्या कामासाठी हत्यार घडवलं ते काम झालं नाही आणि हत्यार खरं निघालं. एपीआयच्या फॉर्मात याला कुठला रकाना?

यादीत वर सरकलं की १९६४ येतं. गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत, हॉइल आणि नारळीकर, रॉयल सोसायटीचं ‘प्रोसीडिंग्ज’. प्रत्येक कणाचं वस्तुमान त्याचं स्वतःचं नसून विश्वातल्या बाकीच्या सगळ्या कणांच्या प्रभावातून येतं, अशी मूळ कल्पना. या सिद्धांताने ते भारतात घराघरात पोचले. १९६५मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा वय सव्वीस. आमच्या घरात त्या काळच्या पेपरातलं एक कात्रण माझ्या वडिलांनी ज्ञानेश्वरीत खूण म्हणून ठेवलं होतं, कितव्या अध्यायात ते आता आठवत नाही.

त्याच १९६४च्या जूनमध्ये हॉइल रॉयल सोसायटीत हा सिद्धांत मांडत होते. श्रोत्यांतून काठी टेकत एक तरुण उठला आणि म्हणाला, ही बेरीज अनंत येते. तो स्टीफन हॉकिंग. केंब्रिजमध्ये नारळीकरांच्या शेजारच्या खोलीत बसायचा, आणि त्याला ही गणितं नारळीकरांनीच मोकळेपणाने दाखवलेली. पुढच्या वर्षी हॉकिंगचा निबंध त्याच ‘प्रोसीडिंग्ज’मध्ये आला. एडीएसवर १९६४च्या निबंधाला किती दाखले मिळाले ते दाबून पाहा. त्या आकड्यात हॉकिंगचं हे खंडनसुद्धा एक म्हणून धरलेलं आहे. यंत्राला शिवी आणि शाबासकी सारखीच. मला वाटतं यंत्राचं बरोबर आहे. कुणीतरी बसून चूक शोधावी एवढं काम त्यात होतं.

बरं, तो विषय तिथे संपला का? तर नाही. हॉइल ऐंशीला टेकले असताना, १९९५मध्ये, ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’मध्ये पुन्हा हीच दोन नावं. विषय, दूरवरच्या कणांचा एकमेकांवर थेट परिणाम, या वेळी विद्युतगतिकीच्या बाजूने. तीस वर्षांत दोघांनीही ते बाड माळ्यावर टाकलं नव्हतं.

इथे एक आडवळण घेतो, कारण याद्या वाचताना मला नेहमी रिकाम्या जागा दिसतात. मंगला राजवाडे १९६४मध्ये गणितात एम. ए. झाल्या, मुंबई विद्यापीठात सुवर्णपदक घेऊन. १९६६मध्ये त्या मंगला नारळीकर झाल्या. पीएच. डी. झाली १९८१मध्ये, विश्लेषक संख्यासिद्धांतात. तीन मुली वाढवल्या, मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून पुस्तकं लिहिली, २०२३च्या जुलैमध्ये गेल्या. सुवर्णपदक आणि पीएच. डी. यांच्यामध्ये सतरा वर्षं आहेत. नवऱ्याच्या यादीतली तीच सतरा वर्षं मी मोजायला घेतली आणि सोडून दिली, स्क्रोल करता करता बोट दुखलं.

१९७२मध्ये नारळीकर केंब्रिज सोडून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९७४च्या ‘नेचर’मध्ये त्यांचं एक टिपण आहे, अप्पाराव आणि नरेश दधीच यांच्याबरोबर. विषय श्वेतविवरं, म्हणजे कृष्णविवराचं उलटं. आत ओढण्याऐवजी सगळं बाहेर फेकणारं. आणि त्याच १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. कथेला बक्षीस मिळालं, मग उलगडा झाला: ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज.

मला हे फार आवडतं. एका वर्षात इंग्रजीत श्वेतविवर, मराठीत कृष्णविवर, आणि नाव तेवढं उलटं. नावाने बक्षीस मिळू नये ही धास्ती पद्मभूषण मिळालेल्या माणसाला होती. आमच्याकडे लोक नाव मोठं दिसावं म्हणून विभागप्रमुखाचं नाव पुढे जोडतात. अर्थात, एडीएसच्या यादीत ‘नेचर’चं टिपण आहे आणि ना. वि. जगताप नाहीत. पुढे साहित्य अकादमी मिळालं, नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण या सातबाऱ्यावर मराठीची एक गुंठाही नोंद नाही.

आणि मग १९७५. हे पान नारळीकरांच्या यादीत नाही, पण त्याशिवाय ती यादी कळत नाही.

टाटा संस्थेतच गोविंद स्वरूप होते. त्यांनी उटीजवळ डोंगराच्या उतारावर एक लांबच लांब रेडिओ दुर्बीण बांधली होती, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. उतार असा निवडला की त्याचा कोन आणि तिथला अक्षांश एकच, सुमारे अकरा अंश. त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच बाजूने फिरवून चंद्राचा तासन् तास पाठलाग करता येऊ लागला. चंद्र कशाला? तर चंद्र चालता चालता एखाद्या रेडिओस्रोतासमोर येतो आणि त्याला झाकतो. स्रोत टिंबासारखा असेल तर आवाज झटकन बंद होतो, पसरट असेल तर हळूहळू बुडतो. किती वेळ लागला त्यावरून आकार. दारामागे उभ्या माणसाची रुंदी दार सरकवून मोजावी, तसं. अशा शेकडो स्रोतांचे आकार मोजून स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी विजय कपाही यांनी १९७५च्या ‘मंथली नोटिसेस’च्या १७२व्या खंडात एकापाठोपाठ एक दोन निबंध छापले. निष्कर्ष: मंद स्रोतांचे आकार स्थिर स्थितीशी जुळत नाहीत, विश्व बदलत आलंय.

म्हणजे १९६१मध्ये जो वार केंब्रिजमधून आला, तोच १९७५मध्ये आपल्याच संस्थेतून आला. राग, रुसवा, गट पडणं, एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या फायली अडवणं, हे सगळं मी याहून कितीतरी क्षुल्लक कारणांवरून होताना पाहिलंय. आमच्याकडे एकदा प्रयोगशाळेतल्या पंख्यावरून दोन प्राध्यापक सहा वर्षं बोलत नव्हते. इथे पुढे काय झालं? नारळीकरांची आयुका आणि स्वरूप यांचं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र पुणे विद्यापीठाच्या आवारात शेजारी शेजारी उभं राहिलं. स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी उभारली. आयुकात महास्फोटावर, म्हणजे बिग बँगवर, काम करणाऱ्यांना कुणी हात धरून अडवलं नाही, नारळीकरांचे पीएच. डी.चे विद्यार्थी ठाणू पद्मनाभन यांनीच महास्फोटाच्या चौकटीत दीर्घिका कशा घडल्या यावर जगभर वाचली जाणारी पुस्तकं लिहिली.

नारळीकर स्वतः मात्र हलले नाहीत. १९९३मध्ये हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांचा ‘अर्धस्थिर स्थिती’चा निबंध ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’मध्ये आला. विश्व एकदाच फुटलं नाही. ते आकुंचन-प्रसरणाच्या लाटा घेत हळूहळू वाढतं आणि द्रव्य लहान लहान स्फोटांतून तयार होतं. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ नेड राइट यांनी १९९५मध्ये त्याच्यावर सडकून टीका केली. तिघांनी उत्तर दिलं. १९६५पासून सगळ्यांच्या घशात अडकलेला प्रश्न सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा. महास्फोटाची ती उरलेली ऊब आहे, असं जग म्हणतं. हे तिघं म्हणत, ताऱ्यांचा प्रकाश लोखंडाच्या केसासारख्या बारीक सुयांनी गिळून पुन्हा सोडला आणि त्याची ही ऊब.

मी एक साधा शिक्षक, पण मत सांगतो: त्या लोखंडी सुया मला कधीच पटल्या नाहीत. वर्गात मी महास्फोटच शिकवला आणि पुन्हा शिकवीन. १९९८मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतोय असं दिसलं, तेव्हा स्थिर स्थितीच्या गणितात हा वाढता वेग पहिल्यापासून होता, याची आठवण नारळीकर करून देत. आठवण खरी होती. तेवढ्याने बाकीचा हिशेब जुळत नव्हता.

पण २००३चा एक निबंध पाहा. ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चा ५८५वा खंड, पान पहिलं. पार्श्वप्रारणातले बारीक चढउतार अर्धस्थिर स्थितीत कसे समजावून सांगता येतील. नावं सहा: नारळीकर, विश्वकर्मा, हाजियान, तरुण सौरदीप, बर्बिज, हॉइल. सौरदीप हे पार्श्वप्रारणाचे पक्के जाणकार, महास्फोटाच्या वाटेवरचे. आणि शेवटचं नाव हॉइल यांचं. हॉइल २० ऑगस्ट २००१लाच गेले होते. बावीस वर्षांच्या पोराला एकट्याने राइलसमोर पाठवणारा गुरू बेचाळीस वर्षांनी सहाव्या क्रमांकावर, मेल्यानंतर. कुणी म्हणेल हट्ट. असेलही. मी ती ओळ बराच वेळ बघत बसलो.

२००९मध्ये यादीला दोन विचित्र फांद्या फुटतात. एक ‘करंट सायन्स’मधली. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसच्या साथीने फलज्योतिषाची चाचणी: दोनशे मुलांच्या पत्रिका, शंभर हुशार, शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका, फक्त सांगायचं कोण कुठल्या गटातलं. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून ५० टक्के आले असते. सगळ्यात चांगल्या ज्योतिषाने चाळीसपैकी चोवीस जमवले. काही अर्थ निघायला अठ्ठावीस लागले असते. माझ्या मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणाला, ज्योतिषी चांगले नसतील. दुसरी फांदी जिवाणूंची. इस्रोच्या फुग्यातून वातावरणाच्या वरच्या थरातली हवा आणली, तिच्यात तीन नवे जिवाणू सापडले. त्यांतल्या एकाचं नाव ‘जॅनिबॅक्टर हॉइलाय’. निबंधाच्या लेखकांत शेवटचं नाव नारळीकर. सूक्ष्मजीवशास्त्राच्या नियतकालिकात गुरूचं नाव त्यांनी असं लावून ठेवलं.

एव्हाना संध्याकाळ झाली होती. यादीच्या वरच्या टोकापर्यंत मी गेलोच नाही. ग्रुपवर मित्राचा प्रश्न तसाच पडून होता, त्याच्यावर आणखी नऊ श्रद्धांजल्या जमल्या होत्या. मी त्याला वेगळा मेसेज केला: ‘‘भेटल्यावर सांगतो, तासभर काढून ये.’’ त्याने अंगठा पाठवला.

मग रिकाम्या चौकटीत स्वतःचं नाव टाकलं. पंधराशे रुपयांचे चार निबंध तिथे नाहीत, हे एक बरं. एकच ओळ येते, २००१ची, आयुकातल्या दोन उन्हाळ्यांतून निघालेली. दाखले तीन. त्यांतला एक सहलेखकाने स्वतःच दिलेला. तिसरा २०१२चा, कुठल्यातरी परदेशी विद्यार्थ्याचा. त्याने आमचं सूत्र जसंच्या तसं उचललंय.

पीडीएफ उघडली. चौथं पान, समीकरण ७. उजवीकडच्या दुसऱ्या पदाआधी उणे हवं, तिथे अधिक आहे. सहलेखकाला मी ते कधी बोललो नाही आणि नियतकालिकाला शुद्धिपत्र पाठवलं नाही. ते मला २००४पासून माहीत आहे.